घडी मोडण्याआधी घ्यायचं नाव

आजच्या समारंभाचे आणि आपल्या रेशीमरेघ विणकर सहकारी संस्थेचे अध्यक्ष आदरणीय भैय्याजी निमजे, केवळ या कार्यक्रमासाठी वर्ध्याहून मोहाडीला आलेल्या प्रमुख पाहुण्या, निवृत्त संगीत शिक्षिका यमुनाताई ढोमणे, व्यासपीठावरील संचालक मंडळ, आजचे सत्कारमूर्ती आणि संस्थेचे व्यवस्थापक श्री. मोतीलाल पराते, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या सौ. शकुनबाई, आणि आज दुपारपुरते माग बंद ठेवून आलेल्या विणकर बंधूंनो आणि भगिनींनो,

सूत्रसंचालक नीलेशने माझी ओळख 'संगणकतज्ज्ञ मंजुषाताई' अशी करून दिली. ती थोडी जास्त झाली. मी वरठीची. नागपूरला संगणकाचं शिक्षण घेतलं आणि परत वरठीला येऊन, घरी बसून, लोकांच्या वेबसाइट सांभाळते. तुमच्या संस्थेची वेबसाइट त्यांतली एक. मला भाषणाची सवय नाही. माझं काम गप्प बसून करायचं आहे आणि मला ते त्याच कारणासाठी आवडतं. पण मोतीलालभाऊंच्या निरोपाला मी बोलावं असा आग्रह झाला. आग्रह कुणाचा होता ते पुढे सांगेन. मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे.

तुम्ही फोनवर संस्थेची साइट उघडता तेव्हा पातळाचा फोटो दिसतो आणि खाली वर्णन दिसतं. ते वर्णन कुठून येतं? साइटच्या मागे एक खोली असते असं समजा. तिथे लिहायला एक चौकट असते आणि चौकटीच्या माथ्यावर बटणांची रांग असते. अक्षर ठळक करा, तिरपं करा, मोठं करा, रंग द्या. ही चौकट बाजारात तयार मिळते, पण जशी मिळते तशी कुणाच्या हातात द्यायची नसते. वापरणाऱ्याच्या कामाप्रमाणे ती बेतावी लागते. काही बटणं काढायची, काही नवीन लावायची. तुमच्या संस्थेत माझं काम एवढंच होतं. चौकट बेतण्याचं. आणि त्या चौकटीत बसून लिहिण्याचं काम मोतीलालभाऊंचं होतं. गेली काही वर्षं आम्ही दोघं एकाच चौकटीच्या दोन बाजूंना होतो, आणि बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध.

पहिल्या दिवशी मी त्यांना सगळी बटणं दिली. संगणकाला नवीन होते, म्हटलं बघू तरी काय वापरतात. त्यांनी सगळी वापरली.

मोतीलालभाऊंचा विचार सरळ होता. पातळ हिरवं असेल तर त्याबद्दलची अक्षरंही हिरवी पाहिजेत. काठ लाल असेल तर काठाबद्दलची अक्षरं लाल. मी फोन केला तर म्हणाले, "गिऱ्हाइकाले रंग समजला पाहिजे ना जी!" मी म्हटलं, फोटो आहे ना. तर म्हणाले, "फोटोत रंग खोटा येते. अक्षरात मी खरा टाकून राहिलो."

मी रंगाचं बटण तसंच राहू दिलं. मग एक पांढरं कोसा रेशमाचं पातळ आलं, करवतीसारख्या दात्यांच्या लाल करवती काठाचं. मोतीलालभाऊंनी नियम मोडला नाही. पातळाचं सगळं वर्णन पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, पांढऱ्या पानावर. पानावर फक्त दोन शब्द दिसत होते, लाल रंगात: 'करवती काठ'. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "तुम्ही नुसते काठ विकता का?"

हसा, हरकत नाही. मोतीलालभाऊही हसताहेत. त्या दिवशी हसले नव्हते. मी रंगाचं बटण काढलं तेव्हा त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, "माझ्या हातातली सुताची कांडी काढून घेतली अन् आता म्हणता वीण?"

म्हणून मी त्यांना दुसरी बटणं बनवून दिली. मराठीत. 'काठ', 'पदर', 'अंग'. काठाचं वाक्य लिहायचं, 'काठ' दाबायचं, ते वाक्य आपोआप नीट जागेवर, नीट आकारात बसतं. रंगाची गरज नाही. ही बटणं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही चौकटीत नाहीत, फक्त मोहाडीत आहेत. मला माझ्या कामाबद्दल सहसा काही वाटत नाही. या तीन बटणांबद्दल वाटतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. खरं प्रकरण यानंतर सुरू झालं, आणि ते नावाचं होतं.

यमुनाताई बाहेरगावच्या आहेत, म्हणून संस्थेतली एक पद्धत सांगते. इथे कुणी विणलेला माल जमा करायला आलं की काउंटरवर मोतीलालभाऊ पातळ हातात घेतात, पण घडी मोडत नाहीत. आधी विणणाऱ्याचं नाव घेतात, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं. "गोदावरीबाईचं आलं हो!" सूत घ्यायला आलेले, हिशेबाला बसलेले, उगाच बसलेले, सगळे मान वर करतात. मग घडी मोडली जाते. पातळ नंतर नागपूरला जाईल, मुंबईला जाईल, तिथे त्याला कुणी नावानं ओळखणार नाही. पण पहिल्यांदा उघडलं जातं तेव्हा ते कुणाचं तरी असतं. नाव न घेता घडी मोडलेली मी इथे पाहिली नाही. एक अपवाद आहे. तोही क्रमाने येईल.

मोतीलालभाऊंचं म्हणणं असं, की काउंटरवर जी रीत आहे तीच साइटवर पाहिजे. त्यांनी प्रत्येक वर्णनाच्या शेवटी विणणाऱ्याचं नाव लिहायला सुरुवात केली. आणि भैय्याजींचा मला फोन आला.

"बाई, हे नावं कायले येऊन राहिले?"

"मोतीलालभाऊ लिहितात."

"बंद कर. नाव दिसलं का व्यापारी सरळ घरी जाऊन उभा राहते. मंग संस्था कायले पाहिजे, पाट्या पुसाले?"

भैय्याजींचं म्हणणं खोटं नव्हतं. तेजरामदादांच्या दारात एकदा नागपूरची गाडी उभी होती, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. तेजरामदादा, घाबरू नका, मी पुढे काही सांगत नाही.

संस्थेची साइट आहे, अध्यक्षांनी सांगितलं, मी केलं. 'काठ', 'पदर' आणि 'अंग' या तिन्हींखेरीज चौथं वाक्य चौकटीत राहणारच नाही अशी व्यवस्था केली. नावाला जागा उरली नाही. मला वाटलं विषय संपला. आठवडाभर शांतता होती. मग एका पातळाच्या पदराचं वर्णन आलं: 'पदरावर मोर आहेत. सगळे मोर कलाबाईचे.'

भैय्याजींचा फोन. "हे मोर कलाबाईचे कसे काय?"

मी म्हटलं, "मोरांवर मला बंधन घालता येत नाही."

"मंग पदरावर घाल!"

मी पदरावर घातलं. पदराची वाक्यं लिहायची नाहीत, दिलेल्यांतून निवडायची, असं केलं. मोतीलालभाऊंनी मला फोन केला नाही, तक्रार केली नाही. याचा अर्थ त्यांना दुसरी वाट सापडली होती.

ती वाट मीच बांधली होती. सांगते. साइटवर फोटो टाकताना एक छोटी चौकट येते, 'फोटो दिसत नसेल तर काय दाखवायचं?' बहुतेक लोक ती रिकामी सोडतात. मी ती कुणालाच रिकामी सोडू देत नाही. भरली नाही तर फोटो चढत नाही. हा माझा नियम आहे आणि तो सगळ्या साइटना आहे. मोतीलालभाऊंनी तो प्रश्न वाचला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं. फोटो दिसत नसेल तर काय दाखवायचं? 'गोदावरीबाईचं पातळ.' 'तेजरामचं पातळ.' 'कलाबाईचं पातळ.'

फोटो आला की ही ओळ दिसत नाही. पण आपल्याकडे फोटो येतो कुठे लवकर? आसगावच्या बाजूला नेटवर्क असं आहे की फोटो उतरेपर्यंत चहा निवतो. तोवर तिथल्या लोकांना फोटोच्या जागी नुसतं नाव दिसायचं. आधी नाव, मग हळूहळू पातळ. काउंटरवरच्यासारखंच. भैय्याजींचा फोन मात्र महाग आहे. त्याच्यावर फोटो झटकन येतात. म्हणून जिल्ह्यात सगळ्यांना दिसत होतं ते नाव एकट्या अध्यक्षांना दिसत नव्हतं.

मला दिसत होतं. मागच्या खोलीत मला सगळंच दिसतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मग एक दिवस संस्थेत फोन वाजला. मोतीलालभाऊ गोदामात होते, म्हणून भैय्याजींनी उचलला. फोन वर्ध्याहून होता. यमुनाताई, तुमची हरकत नसेल तर सांगते. यमुनाताईंना डोळ्यांनी दिसत नाही. त्यांचा फोन त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो, आणि फोटो आला की फोटोमागची ती ओळ वाचतो. त्यांनी भैय्याजींना विचारलं, "मी बऱ्याच दुकानांच्या साइट ऐकते. फोन नुसता म्हणतो, फोटो, फोटो, फोटो. तुमच्याकडे आधी विणणाऱ्या बाईचं नाव सांगतो आणि मग काठ-पदर. हे कुणी सुचवलं?"

आणि भैय्याजी म्हणाले, एक क्षणही न थांबता म्हणाले, "आमच्याकडे अशीच पद्धत आहे जी. आधी नाव, मंग घडी."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग मला फोन.

"बाई, आपल्या साइटवर नाव येऊन राहिलं का?"

"हो."

"कुठून?"

"तुम्ही बघत नाही तिथून."

मी विचारलं, "काढू का?"

"राहू दे," ते म्हणाले. "पर मले विचारल्याबिगर उघड्यावर आणू नको."

आता मुख्य गोष्ट. महिन्याभरापूर्वी मोतीलालभाऊंनी मला फोन केला. निवृत्तीची तारीख ठरली होती. मला वाटलं पासवर्ड कुणाला द्यायचा हे विचारतील. ते म्हणाले, "मंजुषाबाई, मी गेल्यावर नावं कोण टाकील जी?"

मी म्हटलं, तुमच्या जागी खुशबू येणार आहे, तिला शिकवून ठेवा.

"शिकवलं. पोरगी हुशार आहे. पर तिनं मले विचारलं, काका, इथं काय लिहायचं असते? म्या म्हटलं, नाव लिही. तर म्हणते, फोटो तर दिसूनच राहिला ना काका, नाव कायले?"

खुशबू, तुझी चूक नाही. तुझा फोनही चांगला आहे. पण मोतीलालभाऊंची भीती मला बरोबर वाटली. जी गोष्ट एका माणसाच्या सवयीवर चालते ती त्या माणसाबरोबर जाते. काउंटरवरचं नाव त्यांच्या आवाजावर चालत होतं, साइटवरचं नाव त्यांच्या चिकाटीवर. दोन्ही आज निवृत्त होणार होते. बाकी निवृत्तीबद्दल त्यांना काहीच काळजी नव्हती. ही एकच होती.

मी भावनांचं काम करत नाही, चौकटींचं करते. म्हणून एक नवीन चौकट केली. 'विणणाऱ्याचं नाव.' सगळ्यांत वर, काठ-पदराच्याही वर. फक्त नाव, गाव नाही, फोन नंबर नाही. म्हणजे नागपूरच्या गाडीला मोहाडीत येऊन घर विचारत फिरावं लागेल, आणि घर विचारलं की बातमी गाडीच्या आधी भैय्याजींपर्यंत पोचते. ही चौकट भरल्याशिवाय पान सेव होत नाही. खुशबूकडून नाही, माझ्याकडूनही नाही.

पण मी ती बंद ठेवली. सुरू करायची टिक फक्त अध्यक्षांच्या लॉगिनमध्ये ठेवली, कारण तो निर्णय माझा नव्हता. भैय्याजींना जाऊन दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "पाहू."

आपल्याकडे 'पाहू' म्हणजे काय, हे मी या सभागृहाला समजावून सांगायला नको.

टिक होईल न होईल, मी तयारी करून ठेवली. जुन्या पानांवरची फोटोमागची नावं नवीन चौकटीत हलवायला घेतली. तेव्हा तो अपवाद सापडला. काही पानं अशी होती की फोटोमागे नुसतं 'पातळ' लिहिलेलं. नाव नाही. पानं वेगवेगळ्या महिन्यांची, पण सगळ्यांच्या काठावरचे करवतीचे दाते सारखेच, बारीक आणि दाट. एकाच हाताची. मी मोतीलालभाऊंना विचारलं, ही कुणाची?

"ते होय? ते आमच्या घरचं."

"नाव?"

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "नाव कायले? साऱ्यांले मालूम आहे."

मी खुशबूला विचारलं. ती म्हणाली, काउंटरवरही तसंच होतं. शकुनबाईंचं पातळ आलं की काका आवाज न करता घडी मोडतात. साऱ्या मोहाडीचं नाव मोठ्यानं घेणाऱ्या माणसाला आपल्याच बायकोचं नाव चार लोकांत घ्यायला लाज वाटते. मी शकुनबाईंनाही विचारलं, त्यांना याचं काही वाटतं का. त्या म्हणाल्या, "लग्नात घेतलं होतं ना येकडाव. तेव्हाबी हळूच घेतलं."

आणि थोड्या वेळानं, कांडी भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कलाबाईचं घेतात तवा आवाज कसा खणखणीत येते."

मी नोंद घेतली.

आज सकाळी मी स्कूटीवर निघणार, तोच भैय्याजींचा फोन.

"बाई, पान सेव होऊन नाही राहिलं."

"कोणतं पान?"

"आजच्या शालीचं. म्या म्हटलं आपल्याच संस्थेची शाल आहे, साइटवर टाकून द्यावं. सारं भरलं. काठ भरला, पदर भरला. तरी लाल अक्षरात काहीतरी येऊन राहिलं."

"नावाची चौकट रिकामी असेल."

"हव, ते आहे इथं. हे कुठून आलं?"

"तुम्ही टिक केली की येतं, भैय्याजी. तुम्ही टिक केली का?"

"केली काल." मग म्हणाले, " सारे संचालक हव म्हणाले. पर मोतीलालले अजून सांगितलं नाही."

"मग सांगा ना समारंभात."

"तूच सांग. तुले भाषणाले उभं करतो. मले रडू येते अन् मंग लोकं हसतात."

तर आग्रह कुणाचा होता ते आता कळलं असेल. मोतीलालभाऊ, ऐकलंत ना? टिक झाली आहे. संचालक मंडळाची संमती आहे. उद्यापासून तुम्ही काउंटरवर नसाल, पण नाव लिहिल्याशिवाय या संस्थेचं एकही पान सेव होणार नाही. आणि काउंटरवर हाक मारायचं काम खुशबूनं मागून घेतलं आहे. तिचा आवाज तुमच्यापेक्षा वर जातो, गोदामात सराव ऐकला मी.

नाही, बसा. अजून उठायचं नाही. एक काम राहिलंय.

ते शालीचं पान अजूनही सेव झालेलं नाही. भैय्याजींना मी म्हटलं, नाव भरा आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, "मी काहून भरू? त्यालेच घेऊ दे."

शाल तबकात ठेवलेली आहे, कोसा रेशमाची, करवती काठाची, घडी घातलेली. ती कुणी विणली हे मी सांगणार नाही. तो अधिकार माझा नाही. एवढंच सांगते की गेले कित्येक दिवस शकुनबाई दुपारी कलाबाईंकडे पापड लाटायला जात होत्या. घरच्या मागावर काही गोष्टी लपत नाहीत, दुसऱ्याच्या मागावर लपतात. मोतीलालभाऊ, पापड आले का घरी? एकदा तरी विचारलंत, पापड कुठे आहेत म्हणून?

आता आटोपते. संस्थेनं माझ्यावर विश्वास ठेवला, संचालकांनी माझे फोन वेळीअवेळी उचलले, त्याबद्दल मी आभारी आहे. यमुनाताई, तुम्ही तो एक फोन केला नसता तर आज इथे नुसता हार-नारळाचा कार्यक्रम झाला असता. तुमचे आभार संस्थेच्या वतीनं मानते. मोतीलालभाऊ, तुमच्यासोबत काम करताना माझी चौकट जितक्या वेळा फुटली तितकी दुसऱ्या कुणाकडून फुटली नाही. त्यामुळे ती आता चांगली झाली आहे. मी एरवी असं म्हणत नाही. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाची खाजगी गोष्ट उघड झाली असेल, तर सांभाळून घ्या. मागच्या खोलीत लिहिलेलं परत घ्यायचं बटण असतं, माईकला ते नाही.

भैय्याजी, तबक घ्या, पण घडी मोडू नका. खुशबू, लॅपटॉप उघड, नावाच्या चौकटीत कर्सर ठेव.

मोतीलालभाऊ, आता उठा. रीत तुमचीच आहे. आणि जरा मोठ्यानं. शेवटच्या रांगेत तेजरामदादा बसले आहेत, त्यांना कमी ऐकू येतं.